सोलापूरचे डॉक्टर कोटणीस : शिकवता शिकवता गेलेला माणूस



कलबुर्गीहून सोलापूरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी बसलेले आहेत. कोणी गाणगापूर रोडला उतरतं, कोणी अक्कलकोट रोडला. पण जे सोलापूरपर्यंत जातात, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पिशवीत एक्स-रे अन् रिपोर्टची फाईल. आळंद असो, हुमनाबाद असो, बसवकल्याण असो, घरात मोठं दुखणं निघालं की आपली माणसं आधी सोलापूरचं नाव काढतात. अशा या सोलापुरातून १९३८ मध्ये एक तरुण डॉक्टर दुसऱ्यांची दुखणी बरी करायला हजारो मैलांवर गेला. तो परत आलाच नाही.

९ डिसेंबर हा डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा स्मृतिदिन. दत्तजयंतीच्या गडबडीत तो दरवर्षी आपल्या लक्षातून निसटतो, म्हणून यंदा आठवणीने लिहितोय. आपल्या आजी-आजोबांना हे नाव सिनेमामुळे माहीत होतं. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' १९४६ मध्ये आला. तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून काढलेला. सिनेमा चांगलाच आहे, पण सिनेमा तो सिनेमा. खरा माणूस त्याहून साधा होता आणि माझ्या मते त्याहून मोठाही.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. घर मध्यम स्थितीतलं, भावंडं पुष्कळ. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. आपल्या सीमाभागातलीही कितीतरी कुटुंबं तिथे पोटापाण्याला गेलेली. एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत तेलुगू. आपल्याकडे बिदरला पोरगं मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकदमच शिकतं ना, तसलाच प्रकार. पुढे या माणसाने परकी भाषा ज्या वेगाने उचलली त्याचं चिनी लोकांना नवल वाटलं. मला त्यात सोलापूरच्या गल्लीचा थोडा वाटा दिसतो. पुरावा नाही, पण दिसतो खरा.

त्यांच्या तरुणपणी सोलापूर पेटलेलं होतं. १९३० मध्ये इंग्रजांनी तिथे मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिली. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे. ज्या गावाने हे पाहिलं त्या गावच्या पोराला दुसऱ्या देशावरचा जुलूम परका वाटला नाही, यात आश्चर्य काय!

मुंबईला परळच्या केईएमला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते १९३६ च्या सुमारास डॉक्टर झाले. पुढचं शिक्षण घ्यायचं चाललं होतं. एवढ्यात १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं. २२ हजार रुपये जमले आणि एक रुग्णवाहिकाही. आपण स्वतः गुलाम, घरात खायला नाही, आणि शेजाऱ्यासाठी वर्गणी काढतोय. आज विचार केला तरी बरं वाटतं.

पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. ते आधी स्पेनच्या लढाईतही सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. त्यांनी घरी विचारलं तेव्हा घरच्यांना चीन म्हणजे काय ठाऊक? दारावर रेशमाचे गठ्ठे घेऊन येणारे चिनी फेरीवाले, एवढीच ओळख. आईचा जीव खालीवर झाला. वडिलांनी मात्र पाठबळ दिलं. हे वडिलांचं पाठबळ ध्यानात ठेवा, पुढे त्याचा विषय येणार आहे.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून 'राजपुताना' बोट सुटली. महिना संपायच्या आत मंडळी हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचली. तिथे मादाम सुन यत सेन स्वतः स्वागताला होत्या. पण थांबायला फुरसत कुठली? जपानी फौज मागे लागलेली. ऑक्टोबरात कँटन पडलं, त्याच आठवड्यात हँकौ पडलं. हे पाचजण चांगशा, हँकौ, यिचांग करत करत नदीने चुंगकिंगला गेले. वाटेत जिथे मुक्काम पडेल तिथे जखमी होतेच. चुंगकिंगला एका चिनी प्राध्यापकांनी पाचही जणांना चिनी नावं दिली आणि प्रत्येकाच्या नावाशेवटी 'हुआ' जोडलं. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले 'के दिहुआ'. आजही तिकडे त्यांना याच नावाने ओळखतात.

आणि तिथेच बातमी आली की वडील वारले.

इथे जरा थांबू या. ही गोष्ट सांगताना लोक हा प्रसंग एका ओळीत उरकतात आणि पुढे पळतात. ते मला पटत नाही. आपण पुंडलिकाची गोष्ट ऐकत वाढलो. देव दारात आला तरी आईबापाची सेवा अर्धी सोडायची नाही, देवालाच वीट फेकून उभं करायचं. ही आपली शिकवण. मग वडील गेल्यावर, घरी आई रडत असताना, एवढी भावंडं असताना मुलगा परत येत नाही, हे बरोबर कसं? आमच्या सत्संगात एकदा यावरून चांगलीच चर्चा झाली. एक काकू तर स्पष्ट म्हणाल्या होत्या की असला मोठेपणा त्यांना नको. त्यांचं खोटं नव्हतं. घर कोणी ओढलं असेल, कसं ओढलं असेल, हे ओढणाऱ्यालाच माहीत.

सोबतच्यांनी त्यांना परत जायला सुचवलं होतं. ते गेले नाहीत. याचा अर्थ त्यांना वडिलांची माया नव्हती असा मला लावता येत नाही. ज्या वडिलांनी आईची समजूत घालून पाठवलं, त्यांनी दिलेलं काम अर्धं टाकून त्यांच्याच दिवसांना यायचं? बोटीने यायला तसेही आठवडे लागले असते. मला वाटतं त्यांनी ही बेरीज-वजाबाकी मनात खूपदा केली असणार. उत्तर सोपं आलं नसणार.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. डोंगराच्या पिवळ्या मातीत कोरलेल्या गुहा, त्यातच राहायचं, त्यातच दवाखाना. त्या वर्षीच डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी प्रकृतीमुळे भारतात परतले. पाचाचे तीन झाले. वर्षअखेरीस तिघे आघाडीकडे निघाले. कधी पायी, कधी घोड्या-खेचरावर, आणि जपान्यांच्या ताब्यातला रेल्वेमार्ग आला की रात्री अंधारात ओलांडायचा. पुढे डॉ. अटल आजारी होऊन परतले. तिघांचे दोन झाले.

खाणं म्हणजे मुख्यतः राळ्याची पेज. राळे आता आपल्याकडे शोधून मिळतात. कन्नडमध्ये नवणे म्हणतात तेच. आज शहरातले लोक डॉक्टरने सांगितलं म्हणून महाग घेऊन खातात, तिकडे दुसरं काही नव्हतं म्हणून खायचे. थंडी मात्र आपल्याला कल्पना येणार नाही अशी. बिदरच्या किल्ल्यावर जानेवारीत पहाटे वारं सुटतं त्याला आपण थंडी म्हणतो! तिथे नदीचं पाणी गोठायचं.

२१ जून १९४० ला हेबेई प्रांतातल्या तांग तालुक्यात एक कार्यक्रम होता. कॅनडाहून आलेले शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून याच भागात जखमींवर शस्त्रक्रिया करत असताना बोटाला कापलं, विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांच्या समाधीचं ते अनावरण. कोटणीस आणि बसू तिथे हजर होते. सैन्याच्या वैद्यकीय शाळेत परिचारिकांचं शिक्षण देणाऱ्या एक तरुण बाईही गर्दीत होत्या. त्यांचं नाव क्वो चिंगलान. त्या पेकिंगच्या नामांकित इस्पितळात शिकलेल्या. हा सावळा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, इतकंच काय वाचतो-लिहितो, हे पाहून त्यांना मोठं नवल वाटलं.

भाषा शिकणं हे कोटणीसांसाठी मिरवायचं काम नव्हतं. त्यांना शिकवायचं होतं. एक डॉक्टर दिवसाला किती जखमा शिवणार? दहा, वीस, पन्नास? पण वीस पोरं शिकवून तयार केली तर? आणि ती पोरं खेड्यातली, शेतकऱ्यांची. इंग्रजी नाव सांगून उपयोग नाही. त्यांच्या भाषेतच सांगावं लागणार की रक्तस्राव कसा थांबवायचा, हाड कसं बसवायचं, हात कधी कापावा लागतो आणि कधी वाचवता येतो. दुभाष्याच्या तोंडून शस्त्रक्रिया शिकवता येत नाही. आपल्याकडे गुरूने शिष्याच्या भाषेत उतरायचं असतं असं म्हणतात, ते इथे अगदी रोखठोक कामाचं होतं.

ऑगस्ट १९४० पासून मोठी लढाई पेटली, शंभर रेजिमेंटांची लढाई असं तिचं नाव. तेरा दिवसांत कोटणीसांच्या तुकडीकडे ८०० हून अधिक जखमी आले. त्यांनी ५५८ शस्त्रक्रिया केल्या. एका वेळी तर सलग बहात्तर तास झोप नाही. आपल्या घरातली नर्स किंवा डॉक्टर झालेली मुलगी रात्रपाळी करून येते तेव्हा तिचा चेहरा आठवा. आणि अशा तीन रात्री, वर बॉम्ब.

लढाई निवळल्यावर डॉ. बसूंना येनानला परतावं लागलं. पुढे १९४३ मध्ये ते भारतात आले. नंतर त्यांनीच ॲक्युपंक्चर आपल्या देशात रुजवलं, पण तो वेगळा विषय. आता पाचांतले एकटे कोटणीस त्या भागात उरले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना डॉ. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक केलं. वय तीस.

संचालक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसी केबिन येते. इथे रुग्णालय म्हणजे गावकऱ्यांच्या घरांत विखुरलेल्या खाटा. जपानी फौज डोंगर झाडायला निघाली की जखमींना उचलायचं आणि पुढच्या गावी न्यायचं. जाळा, मारा, लुटा असंच तिचं धोरण होतं. जे गाव रुग्ण ठेवून घेई त्याला काय किंमत मोजावी लागेल हे सगळ्यांना ठाऊक, तरी लोक ठेवून घ्यायचे. कोटणीस एकीकडे शस्त्रक्रिया करायचे आणि दुसरीकडे बेथून यांच्या नावाच्या शाळेत शल्यचिकित्सा शिकवायचे. चिनी भाषेत शस्त्रक्रियेची पाठ्यपुस्तकंही त्यांनी लिहायला घेतली. सैनिक आणि गावकरी त्यांना मायेने 'काळी आई' म्हणायचे असं सांगतात. आपण ज्ञानोबांना माउली म्हणतो. पुरुषाला आई म्हणायची रीत आपलीच आहे असं मला वाटायचं. हे वाचल्यापासून वाटत नाही.

१९४१ च्या अखेरीस कोटणीस आणि क्वो चिंगलान यांचं लग्न झालं. बँड नाही, पंगत नाही. दोघं एकाच शाळेत शिक्षक, एकाच दवाखान्यात राबणारे. संसार म्हणजे खेड्यातल्या घरातली एक खोली, आणि तीही दुष्मन आला की सोडायची. नवरा-बायको म्हणून त्यांनी एकमेकांना काय दिलं? वेळ तर दोघांकडेही नव्हता. चिंगलानबाईंनी पुढे म्हातारपणी या सहवासाच्या आठवणी पुस्तकात सांगितल्या. एक वर्षाच्या संसारावर माणूस सत्तर वर्षं बोलत राहतो, यावरून काय समजायचं ते समजा.

२३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. नाव ठेवलं 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'हुआ' म्हणजे चीन. बारशाला ना इकडची आत्या, ना इकडची आजी. सोलापूरच्या घरी नातवाची बातमी कधी आणि कशी पोहोचली असेल कोण जाणे.

याच वर्षी जुलैत ते तिकडच्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. हे मुद्दाम लिहितोय, कारण काही ठिकाणी ते गाळतात. ते देवधर्म करणारे म्हणून आपण त्यांची आठवण काढत नाही आणि आपला गंध त्यांच्या कपाळाला लावायची काही गरजही नाही.

प्रकृती मात्र साथ सोडत होती. त्यांना फिट यायला लागल्या होत्या. आज फिटवर चांगल्या गोळ्या आहेत, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही मिळतात. (जाता जाता सांगतो. कोणाला फिट आली तर चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठा.) तिथे त्या डोंगरात औषधांचीच मारामार. जपान्यांनी वेढा घातलेला. त्यांना उपचारासाठी दुसरीकडे जायची सूचना झाली होती. इथेही ते गेले नाहीत. जखमी होते, विद्यार्थी होते, पुस्तक अर्धं होतं.

आणि इथे मी त्या काकूंच्या बाजूने आहे. वडिलांच्या वेळी मी त्यांची बाजू घेऊ शकतो, पण या वेळी मला वाटतं त्यांनी जायला हवं होतं. घरात तीन महिन्यांचं बाळ. दुसऱ्याला औषध वेळेवर घ्या म्हणून सांगणारा डॉक्टर स्वतःच्या बाबतीत असाच वागतो, हे आपण आपल्या गावच्या डॉक्टरांतही बघतो. आपल्या घरातल्या आयाही अशाच. सगळ्यांची पथ्यं सांभाळणार, स्वतःची बीपीची गोळी विसरणार.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री पुस्तकाचं लिखाण चाललं होतं. त्या रात्री फिट आल्या, एकामागून एक. तांग तालुक्यातलं गेगोंग गाव. सहकारी डॉक्टर धडपडले, पण हाती काही नव्हतं. ९ डिसेंबरच्या पहाटे ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. बायको सव्वीस-सत्तावीस वर्षांची. माओंनी शोकसंदेश लिहिला. गावातल्या लोकांनी अंत्ययात्रेत आपला माणूस गेल्यासारखा आक्रोश केला. त्यांना डॉ. बेथून यांच्याजवळच पुरलं. पुढे दोघांच्याही समाध्या शिजियाच्वांग शहरातल्या हुतात्मा उद्यानात हलवल्या.

चिंगलानबाईंचं आयुष्य पुढे फार मोठं झालं. मुलाला त्यांनी वाढवलं. तोही बापासारखा डॉक्टर व्हायला निघाला. शिक्षण पुरं होत आलेलं असताना, १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच तो गेला. औषधाची ॲलर्जी झाली असं सांगतात. नवरा औषधावाचून, मुलगा औषधाने. बाईने हे कसं सोसलं असेल, मला लिहवत नाही.

पण त्यांनी सासरचा धागा तोडला नाही. मध्ये १९६२ चं युद्ध झालं, दोन देश एकमेकांकडे बंदुका रोखून उभे राहिले, तरी तुटला नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीसांच्या घरच्या माणसांना भेटल्या. सासऱ्यांना कधी बघितलेलं नाही, लग्नात सासरचं कोणी नाही, आणि तरी सून म्हणून येत राहिल्या. चीनचे मोठे पाहुणे भारतात आले की कोटणीसांच्या नातलगांना भेटून जायची रीतही पडून गेली. २०१२ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी चिंगलानबाई दालियन शहरात वारल्या.

त्याच वर्षीच्या पहिल्या दिवशी सोलापुरात डॉ. कोटणीसांच्या राहत्या घराचं स्मारक खुलं झालं. भैय्या चौकात आहे, स्टेशनापासून फार लांब नाही. आत त्यांचे जुने फोटो आहेत. पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन सोलापूरला गेलात आणि डॉक्टरांचा नंबर लागायला दुपार होणार असेल, तर रिक्षावाल्याला कोटणीसांचं घर सांगा. सोबत नातवंड असेल तर त्यालाही घेऊन जा. आम्ही गेलो तेव्हा आमच्या नातीने तिथे एकच विचारलं, ते बाळ पुढे सोलापूरला आलं का. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

जय गुरुदेव.